माशांसाठी सारवलेलं घर

झोप आधी गुडघ्यांना लागते. बाकीची शैला अजून जागी आहे.

ग्लासगो शहरातल्या एका सार्वजनिक बागेत ती काचघरातल्या मातीच्या पोत्यांवर आडवी झाली आहे. या बागेत ऊब मिळेल अशी जागा ही एकच. गरम मुलखांतून आणलेल्यांना इथे काचेआड ठेवतात: एक केळ, एक अळू, हळदीची कुंडी आणि जेवणाच्या सुट्टीत शैला सपकाळ. जेवण्याआधी तिने हात लिंबाच्या वासाच्या साबणाने कोपरापर्यंत धुतले आहेत. दोन्ही. एवढं लक्षात असू द्या.

बाहेर हिरवळीवर तिचं घर आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसती जमीन. सोपा, माजघर, चुलीची जागा, पुढचं दार, परसदार. वडिलांनी अंगणात पावलं टाकून दाखवलं होतं तेवढंच, बोटभर कमी नाही की जास्त नाही. माती चोपून बसवलेली, वरून शेणाने सारवलेली. घरं सोडून आलेल्यांविषयी बागभर कलाकृती मांडल्या आहेत. कुणी झाडाला दारं टांगली आहेत, कुणी तळ्यात बॅगा सोडल्या आहेत. संध्याकाळी लोक येतील ते शैलाच्या घरापाशी बूट काढतील आणि अनवाणी त्या जमिनीवरून चालतील, असं ठरलं आहे.

सगळं झालं आहे. दारांपाशी एकेक पट्टा तेवढा कोरडा आहे.

हे दोन पट्टे तिच्या हातून होत नाहीत. सारवणारी बाई मागे मागे सरकते. केलेलं ओलं समोर राहतं आणि ती दारातून पाठमोरी बाहेर पडते. पण कुठल्या दारातून?

हे ज्यांना विचारायचं ते कुणी उरलेलं नाही.

) ) )

सपकाळांच्या लग्नात ही गोष्ट कशी सांगायचे ते आधी सांगायला हवं.

धरणाचं पाणी चढत होतं. गाव उठलं होतं. ट्रक येऊन उभा, भांडीकुंडी चढलेली, म्हैस चढत नव्हती. आणि शैलाची आत्ती, तेव्हा विशीतली ठकू, शेणाची पाटी घेऊन घर सारवायला बसली! उद्या-परवा ज्या घरात पाणी शिरणार ते घर! "आमच्या ठकीनं माशांसाठी घर सारवलं," असं शैलाचे वडील म्हणायचे आणि अख्खा मांडव हसायचा. पंगतीत आबा, म्हणजे शैलाचे आजोबा, खाली मान घालून जेवत असायचे. ठकूआत्ती तोंडाला पदर लावून सगळ्यांबरोबर हसायची. वडील म्हणायचे ती परसदारानं बाहेर आली, काका म्हणायचे पुढच्या दारानं, आणि त्यावर दोघांचं भांडण जुंपायचं. आत्ती कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

मग आबा गेले. मग वडील, मग काका. शैला इकडे आली त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात आत्तीही गेली. शैलाचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या कचेरीत अडकला होता. तिला जाता आलं नाही.

आता पाटी. प्रत्येक कलाकृतीपाशी दोन ओळींची पाटी लागते.

एका शोकाकुल स्त्रीने... खोडलं.

एका साध्याभोळ्या... खोडलं.

घर बुडणार या दुःखाने भान हरपलेल्या एका स्त्रीने ते घर माशांसाठी सारवलं, त्याची ही आठवण.

ही छापून आली आहे. काचघराच्या दाराशी टेकवून ठेवली आहे, आणि शैला येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळते. मांडवात आत्ती वेडी ठरली होती. इथे ती दुःखानं वेडी ठरणार. तिथे लोक हसले, इथे हळहळतील. फरक तेवढाच. जिनं तोंडाला पदर लावून सगळं आयुष्य काढलं तिला परक्या लोकांपुढे पुन्हा एकदा वेडी म्हणून उभी करायची का? हे कळत नाही तोवर हात पुढे जात नाही, आणि संध्याकाळ तर आलीच आहे.

झोप कमरेपर्यंत चढते. छातीपर्यंत. केळीचं एक पान हलतं. काचघरात वारा नसतो.

) ) )

"हे आळू खात्यात का नुसतंच बगत्यात?"

ठकूआत्ती केळीच्या बुंध्याला टेकून बसली आहे. लुगड्याचा काष्टा आवरलेला, पाय लांब केलेले. डाव्या हाताच्या बोटानं मशेरी लावते आहे. आत्ती डावरी. सगळंच डाव्या हातानं.

"नुसतं बघतात, आत्ती."

"आन् त्येला दार लावून? पळून जातंय व्हय?"

शैला हसते. आपण झोपलो आहोत हे तिला माहीत आहे, आत्ती नाही हेही माहीत आहे. तरी तिला पहिल्यांदा वाटतं ते एवढंच, की आत्तीच्या अंगावर शाल नाही आणि बाहेर गार आहे.

"गार लागत नाही?"

"आता कसलं गार." आत्ती दाराबाहेर मान काढून हिरवळीकडे बघते. "शेन कुनाचं?"

"इथल्या डोंगरातल्या गाईचं. लांब केसांची असते. झुलपं डोळ्यांवर येतात."

"मंग तिला दिसतंय कसं?"

"काय की. मोरॅग आणते बादल्या भरून. मोरॅग म्हणजे या बागेची मुख्य माळीण. सगळ्यांना रागावते."

"मानूस कामाचं दिसतंय."

"पण पातळ असतं गं इथलं. गाई ओलं गवत खातात ना. सुरुवातीला नुसतं आमटीसारखं पसरायचं. मग मी चाळलेली माती घातली, भूस घातलं, रात्रभर मुरवलं..."

बादली तर बाहेर आहे, ओल्या पोत्याखाली. पण ती आत्तीच्या पुढ्यात आहे. आत्ती चिमूटभर उचलते, दोन बोटांत ओढून बघते. तार येते.

"बेस," ती म्हणते. "चिकटा धरलाय बेस."

शैलाला वाटतं आपण लहान आहोत. खाडीकाठच्या नव्या गावात, सरकारनं दिलेल्या त्या खारट जमिनीवर, चार बायकांनी सारवलेल्या चार ओसऱ्या बघत ती शाळेत जायची. बाकीच्या ओसऱ्या स्वच्छ असायच्या. आत्तीची ओसरी वाहत असायची. एकेक हात म्हणजे एकेक कमान, कमानीला लागून कमान, मधे सांधा नाही, कुठे बोट अडखळलेलं नाही. आणि सगळ्या गावाच्या कमानी एकीकडे वळायच्या तर आत्तीच्या दुसरीकडे. उन्हं तिरपी झाली की ती जमीन माशाच्या खवल्यांसारखी चमकायची. शैलाने पुढे चित्रकलेचं शिक्षण घेतलं, मोठमोठ्या संग्रहालयांतून फिरली. पण हात न थांबवता इतकी लांब रेघ ओढणारं दुसरं माणूस तिला भेटलं नाही.

"आत्ती, तू कुणाला कधी 'बेस' म्हटल्याचं आठवत नाही मला."

"बेस असंल तर म्हनायचं ना. ऊठ. दाव की घर."

त्या उठतात, आणि मुंबईच्या विमानतळावर आहेत.

सगळं दालन सारवलेलं आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हिरवट, ओलं. खांबाखांबाला वळसा घालून आत्तीच्या कमानी गेल्या आहेत. सारवण संपतं तिथे माणसं उभी आहेत. ढकलगाड्यांवर बॅगा, कडेवर पोरं, गळ्यात उशा. कुणी एक पाऊल पुढे टाकत नाही. पलीकडे शिक्का मारणारा साहेब हात वर धरून थांबला आहे. विमानांच्या घोषणा होतात. विमानं जातात. माणसं उभीच.

कोट घातलेला एक गृहस्थ बूट हातात घेऊन अदबीनं विचारतो, "मावशी, वाळलं का?"

"वाळलं की सांगंन. घाई करू नगंस."

"नाही नाही. सावकाश."

रांगेत शैलाला शैला दिसते. केस काळे, पाठीवर बॅग, हातात पापडांचा डबा.

"ती मी आहे, आत्ती."

"व्हय. थांबलीया बग, शान्यावानी."

"माझं विमान चुकेल."

"मंग जा की. कोन धरतंय? टाक पाय."

शैला तळपायाकडे बघते. तळपाय उचलत नाही. कुणी अडवलेलं नाही, दोरी बांधलेली नाही, पहारा नाही. पण समोर एका बाईच्या हाताची ओल आहे, आणि पाय म्हणतो, नाही.

) ) )

पाणी डोक्यावर आहे, छपराच्या जागी.

हिरवा उजेड खाली झिरपतो. माजघराच्या खांबाला आत्ती हात लावून उभी आहे. चुलीची जागा, कोनाडा, खुंटी. शैलाने हे घर कधी पाहिलेलं नाही; तिच्या जन्माआधीच ते बुडलं. तरी पावलं बरोबर पडतात, कारण गेले कित्येक दिवस ती याच मापावर गुडघ्यांनी फिरते आहे.

"माप बरुबर धरलंयस," आत्ती म्हणते. "चुलीपाशी खरं वाईच आखूड व्हतं. तितं तुज्या बापाला बसाया जागा नव्हती, त्येनं मोठी करून सांगितली आसंल. लबाड."

वर, आढ्याच्या उंचीवर, मासे फिरत आहेत. थवेच्या थवे. पण कुणी खाली उतरत नाही.

"आत्ती." शैला तो प्रश्न धरून ठेवते आणि मग सोडते. "का सारवलंस?"

"तुला काय वाटतंय?"

"मला वाटलं, दुःख झालं म्हणून."

"दुख्ख!" आत्ती तोंडातलं बोट बाहेर काढते. "ट्रकवाला भोंगा वाजवून कान फोडतोय, म्हस चडंना, तुजी आजी मडकी मोजतीया, पुन्हा मोजतीया, आन् मी दुख्ख करत बसले व्हय? सवड व्हती का?"

"मग?"

"आबा निगंनात."

पाणी थोडं हलतं.

"ट्रकात बसवलं की उतरायचे. दिवा राहिला म्हनायचे, आत. पुन्हा बसवलं. कांबळं राहिलं, आत. आत आले की ह्या खांबाला धरून हुबं. तुजा बाप आन् काका, दोगं तालमीत जानारं, दोन्ही दंडाला धरून बापाला वडाया लागलं. गाव बगतंय. आबांचं धोतार सुटाया आलं." आत्ती क्षणभर खांबाकडे बघते. "बापाला असं वडत्यात का? मी म्हनलं, सोडा. आबा, वाईच भाईर थांबा. घर सारवते, मंग जाऊ."

शैलाचा श्वास अडकतो, आणि पाण्याखाली श्वास कसा चालला होता असं तिच्या मनात येऊन जातं.

ओल्या सारवणावर पाय द्यायचा नाही. हे तिला कुणी शिकवलेलं आठवत नाही, इतकं ते आधीपासूनचं आहे. आत पाणी उकळून जाऊ दे, पाहुणा ताटकळू दे, बाई आतून "वाळलं" म्हणेपर्यंत दारात थांबायचं. आबा तर त्याबाबत फारच कडक. रांगतं पोर ओल्यात शिरलं तर घरभर ओरडा.

"आबांनी जन्मात कुना बाईच्या वल्ल्या सारवनावर पाय दिला नव्हता," आत्ती म्हणते. "आदी परसदाराला आतनं कडी घातली. मंग मी चुलीपासनं निगाले, मागं मागं, फुडच्या दारापतुर."

"म्हणजे पुढच्याच दारातून!"

"तर! आबा तितंच हुबं व्हते की. मी परसदारानं निगाले आसते तर ते फुडनं आत शिरले नसते?"

"काय म्हणाले ते?"

"'वाळलं का गं, ठके?' म्या म्हनलं, न्हाई आबा. वाईच्यानं पुन्हा. 'वाळलं का?' न्हाई वो, वल्लं हाय. मंग गप झाले. मंग आपले आपन चालत जाऊन ट्रकात बसले. कुनी हात लावला न्हाई."

"रडले?"

"मला काय म्हाईत. माजी पाठ व्हती."

वरून एक मासा खाली येतो, जमिनीच्या वीतभर वर थांबतो, वळतो, पुन्हा वर जातो.

"मग हे सांगितलं का नाहीस?" शैलाचा आवाज चढतो. "सगळे हसायचे तुला. माझ्या वडिलांनी तर प्रत्येक लग्नात..."

"पंगतीत आबा बसल्यालं आसायचं की गं. त्येंच्याम्होरं सांगू, तुमास्नी म्या वल्ल्या सारवनाचं कुलूप लावून भाईर काडलं म्हनून? त्यापरास मला हसू देत."

"आणि आबा गेल्यावर?"

"तवर समद्यास्नी हसायची सवय झाली व्हती." आत्ती वर बघते, आणि तिच्या चेहऱ्यावर मांडवातलं तेच हसू येतं, पदराशिवाय. "आन् खोटं काय त्यात? मासं बी हायतच की. बग कसं वरच्या वर ऱ्हात्यात. वळन हाय त्येस्नी."

शैलाला हसू येतं आणि दुसरंही काही येतं. या पाण्याखाली कुठलंच सारवण कधी वाळणार नाही हे तिला आत्ता, इथे, कळतं.

"उनाळ्यात पानी उतरलं की तुजा बाप जोतं बगाया जायाचा," आत्ती म्हणते. "मला म्हनायचा, चल. म्या न्हाई गेले. वाळल्यालं बगितलं आसतं तर पाय टाकू वाटला आसता." ती खांबावरचा हात काढते. "कुलूप लावलं आबास्नी. भाईर मी बी ऱ्हायले."

शैलाला आत्तीचे पाय धरावेसे वाटतात, पण आत्ती अशा गोष्टींना हसते.

"हे मांडू लोकांपुढे? तू सांग. नको म्हणालीस तर आत्ता पुसून टाकते."

"मांड की. येवडं केलंयस गुडगं फोडून. पर रडवी ठकी मांडू नगंस. आन् ते पायतान काडून चालायचं काय काडलंयस? कुनी बोलावलंय त्येस्नी आत?"

"बघायला येतात, आत्ती."

"सारवान बगायचं आसंल तर दारात थांबून बगायचं. सर तिकडं. ऱ्हाऊ दे. हात दे हिकडं."

शैला उजवा हात पुढे करते.

"उजव्यानं समदं केलंस की. त्यो दमलाय. डावा दे."

आत्तीचा तळवा तिच्या पंजाच्या पाठीवर बसतो. जड, खरखरीत, गार. दोन्ही हात मिळून बादलीत जातात, मनगटापर्यंत.

"दाब. आन् थांबू नगंस मदी. थांबलीस की..."

( ( (

"शैला! अगं ए शैला! लोक यायला लागतील!"

मोरॅग काचेवर बोटं वाजवते आहे. केळीचं पान स्थिर आहे. बुंध्यापाशी कुणी नाही.

शैला उठून बसते. उजवा हात स्वच्छ. त्याला लिंबाचा वास आहे.

डावा हात मनगटापर्यंत हिरवा आहे. ओला. तळव्याच्या रेषांत, नखांच्या मुळांत शेण भरलं आहे. ती दोन बोटं जुळवते, हळूच ओढते.

तार येते.

"पाटी कुठे लावू?" मोरॅग विचारते.

"ती नको. ती खोटी आहे." शैला इथे छपरावर कौलांऐवजी घालतात तसला एक सपाट काळा दगड उचलते आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिते. आधी आपल्या भाषेत, खाली मोरॅगच्या.

ओलं आहे. बाहेर थांबा.

मोरॅग खालची ओळ वाचते. "ओलं कुठे? वाळलंय की सगळं! आणि चालायचं काय झालं? बूट ठेवायला मी फळ्या ठोकल्या आहेत, माझा अख्खा रविवार गेला!"

"फळ्यांवर बसू देत त्यांना. बादली आण, मोरॅग. आणि तिच्यावरचं ओलं पोतं नको, ते तिथेच ठेव."

परसदाराच्या जागी शैला एक काठी आडवी टाकते. आतून. मग चुलीपाशी जाऊन गुडघे टेकते आणि परसदाराच्या कोरड्या पट्ट्यापासून वाळलेल्या जमिनीवर पुन्हा पहिला हात फिरवते. डावा. कमान वेडीवाकडी पडते, आणि दुसरीकडे वळते. दुसरी जरा बरी. या गावच्या दमट हवेला तिने आल्यापासून शिव्या दिल्या आहेत. आज हीच हवा हे संध्याकाळभर वाळू देणार नाही. माजघर. खांबाची जागा, तिथे वळसा. सोपा. ती मागे मागे सरकते आणि समोर घर भरत जातं, हिरवं, चमकणारं, खवल्याला लागून खवला.

पुढच्या दाराजवळच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत ती येते तेव्हा मागे खडीवर पावलं वाजू लागली आहेत. पावलं येतात आणि थांबतात. आणखी येतात, आणखी थांबतात. बोलणी विझत जातात. कुणाचं तरी लहान पोर काही विचारतं, कुणीतरी त्याला उचलून घेतं.

शेवटचा हात. ती तो मधे न थांबता ओढते आणि दाराबाहेर येते.

"वाळायला वेळ आहे का?" मागून एक म्हातारा आवाज विचारतो. उच्चार इथला नाही. कुठून तरी आलेल्या माणसाचा आहे.

"ओलं आहे अजून," शैला सांगते.

आवाज पुन्हा काही विचारत नाही. पण तिथून हलतही नाही. तो माणूस हसतो आहे, रडतो आहे की नुसता बघतो आहे, शैलाला माहीत नाही. तिची पाठ आहे.